बोलक्या दिव्याला हळद

हळद लागली की बोलका दिवा मुका होतो, हे ऋतुजा तोडकरला घटस्थापनेच्या दिवशी सकाळी सव्वाअकराला कळलं. आणि तिथून पुढचे नऊ दिवस तिने हे ज्याला ज्याला सांगितलं, त्याने तिला नियम वाचायला सांगितला. नियम तिला पाठ होते. दुधारवाडी फाट्यावरचं सरकारमान्य दिवा-तपासणी केंद्र तीच चालवत होती. एक खोली, एक तपासणीचा ओटा, भिंतीवर दिवे-कायद्याचा तक्ता आणि बाहेर पत्र्याची शेड, एवढाच पसारा.

झालं असं, की भोईट्यांच्या समाधानने मुहूर्तावर नवी मोटारसायकल घेतली आणि बायकोकडून तिची साग्रसंगीत पूजा करून मगच तपासणीला आणली. हँडलला झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची, टाकीवर स्वस्तिक आणि दिव्यावरच्या घुमटाला हळदीकुंकवाची बोटं. दिवा लख्ख पेटला होता. मीटर मात्र शून्य दाखवत होतं. ऋतुजाने वायर तपासली, मीटर दुसऱ्या गाडीला लावून बघितलं, मीटरला दोन थपडाही दिल्या. शेवटी घुमट काढून नवा बसवला, तर काटा टुणकन वर. मग तिने शेजारच्या चहावाल्या मावशींकडून चिमूटभर हळद मागून आणली, पाण्यात कालवली आणि नव्या घुमटाला बोट लावलं. काटा खाली.

"ताई, नवीकोरी गाडी हाय. खराब लागली का?" समाधानचा चेहरा पडला.

"गाडी चांगलीय रे. तुझ्या बायकोची हळदपण चांगलीय. दोघींचं जमत नाही एवढंच."

यातली गोम आधी सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी महामार्गावर बिनचालकाच्या मालगाड्या सुरू झाल्या. सात-सात गाड्या एकामागे एक, नव्वदच्या वेगाने. लोक त्याला तांडा म्हणत. त्यांना कॅमेरे होते, रडार होतं, पण आपले रस्ते ते आपले रस्ते. उसाची मोळी पडली, फ्लेक्सचा फाटका बोर्ड फडफडला, म्हैस आडवी आली, की तांडा करकचून ब्रेक मारायचा आणि मागची गाडी पुढच्यावर चढायची. म्हणून या वर्षाच्या सुरुवातीला दिवे-कायदा आला; त्यानंतरचा हा पहिलाच दसरा. प्रत्येक वाहनाला बोलका दिवा सक्तीचा झाला. मोटारसायकलच्या हेडलाइटवर लिंबाएवढा प्लॅस्टिकचा घुमट, समोरून आणि दोन्ही बाजूंनी दिसेल असा. त्यातला दिवा सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करत 'मी दुचाकी, एवढा वेग, या दिशेला' असं सांगत राहतो, आणि आपल्या डोळ्याला तो नुसता पेटलेला दिसतो. ज्याचा दिवा बोलतो त्याला तांडा तीनशे मीटरवरून ओळखतो आणि वेग कमी करतो. जे बोलत नाही ते खांब, बोर्ड, झुडूप असं समजून पुढे येतो आणि अगदी पन्नास मीटरवर आल्यावर रडारचं ऐकतो.

आता हळद कुठे आली? पांढरा दिवा मुळात पांढरा नसतोच. आत निळा दिवा आणि वर पिवळ्या भुकटीचा लेप. दोन्ही मिळून पांढरं दिसतं. तो लेप सुस्त असतो, त्याला एवढ्या झपाट्याने विझता येत नाही. म्हणून समोरची गाडी फक्त निळा भाग वाचते. आणि हळद पिवळी दिसते ती निळा प्रकाश गिळते म्हणूनच. माणसाला दिवा सोन्यासारखा झळकताना दिसतो, आणि तांड्याच्या लेखी तिथे कुणीच नसतं.

दुधारवाडीत एकूण दोनशे ब्याऐंशी मोटारसायकली होत्या, आणि त्यातल्या प्रत्येकीचा दिवा ऋतुजाने स्वतः तपासून पास केला होता. दसऱ्याला सकाळी त्या सगळ्या धुऊनपुसून पूजल्या जाणार, आणि संध्याकाळी त्याच घेऊन गाव महामार्ग ओलांडून पलीकडच्या म्हसोबाच्या माळावर सोनं लुटायला जाणार. सगळ्यांच्या पुढे आपट्याची फांदी बांधलेली गाडी असते. ती गाडी ऋतुजाच्या वडिलांची.

तिने त्याच दुपारी तक्रार घातली. दिवे-विभागाच्या ॲपवर तक्रारीचे प्रकार चारच होते: दिवा बंद, दिवा फुटला, दिवा चोरीस गेला, इतर. तिने 'इतर' निवडलं. खाली चाळीस अक्षरांत वर्णन करा, असं आलं. चाळीस अक्षरांत रामरक्षेचे दोन श्लोकसुद्धा बसत नाहीत. तरी तिने बसवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'नियम १०४ ग अन्वये दिव्यावर कोणताही पदार्थ लावण्यास मनाई आहे. तक्रार निकाली.'

तिने पुन्हा घातली. पुन्हा निकाली. तिसऱ्यांदा घातली तर ॲपने सांगितलं, की एकाच विषयावर वारंवार तक्रार करणाऱ्यांची नोंद ठेवली जाते.

घुमट बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक गोड आवाजाचा मुलगा आला. "मॅडम, आमचा घुमट धूळ, चिखल, शेण, डिझेलची काजळी आणि समुद्राचं पाणी, सगळ्यांत पास आहे."

"हळदीत तपासलाय का?"

"हळद हा रस्त्यावरचा पदार्थ नाही, मॅडम."

"तुम्ही कुठले?"

"मी नोएडाचा. का?"

तिने फोन ठेवला. या माणसाशी भांडून काय उपयोग, त्याने जन्मात कधी मोटारसायकलला हार घातला नसणार.

चौथ्या माळेला ती स्वतः परिवहन कार्यालयात गेली. निरीक्षक जगदाळे मुळात वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, तिचं सगळं ऐकून घेतलं, मीटर आणि हळद लावलेला घुमट हातात घेऊन बघितलासुद्धा.

"तोडकर मॅडम, तुमचं खरंय," ते म्हणाले.

"मग गावोगाव एक पत्रक काढा. घुमट सोडून कुठंही हळद लावा म्हणावं."

"मी? दसऱ्याच्या तोंडावर सरकारी कागदावर 'हळदीकुंकू लावू नका' असं लिहू? उद्या माझ्याच टेबलावर हळद सांडायला माणसं येतील. आणि नियम तर आहेच की. १०४ ग."

"नियम तुम्हाला माहिती, मला माहिती. भोईट्यांच्या सुनेला माहिती नाही."

"कायद्याचं अज्ञान ही सबब होत नाही."

"साहेब, मेलेल्या माणसाला सबब लागत नाही. बरं, त्या संध्याकाळी तासभर तांडे तरी थांबवा."

"तो अधिकार आमचा नाही. वरचा."

"मग वर पाठवा."

जगदाळ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तक्रार वर जात नाही हो. तक्रार ज्या टेबलावर येते तिथंच निकाली काढायची, असा आदेशच आहे. प्रलंबित दाखवली तर माझी पगारवाढ अडते."

परतताना ऋतुजा इतकी चिडली होती, की स्वतःचा थांबा मागे गेलेला तिला कळला नाही. फाट्यापर्यंत दीड किलोमीटर उलटं चालत आली.

घरी बापलेक दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अण्णा, म्हणजे दिनकर तोडकर, पस्तीस वर्षं एसटीत चालक होते आणि निवृत्त झाल्यावरही जेवताना उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा ठेवत. बिनचालकाच्या गाड्यांचं नाव काढलं तरी त्यांचं टाळकं सरकायचं.

"दिव्याला हळद लावायची न्हाई?" भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून ते म्हणाले. "अगं, माझ्या गाडीला तुझी आई लावायची. ती गेल्यापासून मी लावतो. ज्याला चिमूटभर हळद सोसत न्हाई तो दिवा कसला?"

"टाकीवर लावा, हँडलला लावा. दिवाच कशाला पाहिजे?"

"तुझ्या लग्नात हळद गुडघ्याला लावून भागलं असतं का?"

"माझं लग्न कुठं झालंय अण्णा."

"तेच म्हणतोय मी, अनुभव न्हाई."

तिला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. "निदान त्या तीन किलोमीटरवरच्या भुयारी रस्त्यानं तरी जा सगळे."

"शीव ओलांडायची का शिवेखालनं सरपटत जायचं? सीमोल्लंघन म्हणतात त्याला, उंदराचं बीळ न्हवं."

दोन दिवस बापलेकीत धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी अण्णाच नरमले. म्हणाले, असं करू, सकाळी पूजेला लावू आणि संध्याकाळी निघायच्या आधी पुसून टाकू. देवाचं देवाला, सरकारचं सरकारला. ऋतुजाला हे एकदम पटलं. कुणीतरी एवढं तरी ऐकतंय, याचंच तिला अप्रूप वाटलं. तिने घरोघर फिरून सांगितलं, देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, आणि बायका, पोरं, सरपंच, सगळे म्हणाले, "हो ताई, पुसू की." नऊ दिवसांत पहिल्यांदा ती रात्री गाढ झोपली.

दसऱ्याला संध्याकाळी साडेपाचला गाव महामार्गाच्या कडेला जमलं. गाड्या झेंडूने मढल्या होत्या. लोकांनी शब्द पाळला होता. जो तो रुमालाने, धोतराच्या सोग्याने, ओल्या फडक्याने घुमट पुसून आला होता. ऋतुजा खात्रीसाठी केंद्रातून मीटर आणि चाचणी-दिव्याची पिशवी घेऊन आली होती. पहिली गाडी अण्णांची.

काटा शून्यावर होता.

तिला वाटलं मीटर बिघडलं. पुढची गाडी बघितली. जरासा हलून काटा बसला. तिच्या पुढची, तिच्या पुढची. तिने वाकून अण्णांचा घुमट नीट बघितला. स्वच्छ होता, पण पाण्यासारखा नितळ नव्हता. प्लॅस्टिकच्या अंगात पिवळेपणा मुरला होता.

घरातला मसाल्याचा डबा तिच्या डोळ्यांसमोर आला. प्लॅस्टिकच्या डब्यात एकदा हळद भरली की तो डबा साबणाने घासा, चिंचेने घासा, पिवळा तो पिवळाच राहतो. चार दिवस उन्हात टाकला तरच उतरतो. हे शेंबडं पोर सांगेल. आणि ती, सरकारमान्य तपासनीस, गावभर भोंग्यावरून 'पुसा' म्हणून ओरडत फिरली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"अण्णा, जाऊ नका. डाग निघाला नाही. दिवा मुका आहे."

"निघाला की. बघ कसा लखलखतोय."

"तुम्हाला लखलखतोय. त्यांना दिसत नाही."

"ऋतू, सूर्य बुडायला आला. सोनं उजेडात लुटायचं असतं. तू सांगितलंस तसं पुसलं. आता आणि काय नवीन?" मागून हॉर्न वाजायला लागले होते. सरपंचही म्हणाले, "ताई, तुमचं रोज एक निघतंय." कुणीतरी हसलं. पुसा असं तर तीच म्हणाली होती.

दक्षिणेकडून चढावर तांड्याची पहिली गाडी दिसली.

चाचणी-दिवा म्हणजे बॅटरीएवढी नळी. तालुक्यातल्या मालगाड्यांचे डोळे तपासायला तो केंद्रात दिलेला असतो, आणि हवा तो संदेश पाठवू शकतो, अगदी 'रस्ता बंद, थांबा' हासुद्धा. कलम एकशे एकोणीस: ओट्याव्यतिरिक्त कुठेही वापरल्यास परवाना रद्द आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. ते कलम तिच्याच भिंतीवर लाल अक्षरांत टांगलेलं होतं. अण्णांनी गिअर टाकला तेव्हा ती दुभाजकाकडे धावत सुटली होती.

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, नळी दोन्ही हातांत धरली आणि बटण दाबलं. तांडा अंगावर येत राहिला. नळी हलली असती तर संदेश तुटला असता, म्हणून तिने कोपर पोटाशी घट्ट दाबून धरले. मग पहिल्या गाडीचं नाक खाली झुकलं, तिच्यामागे दुसरीचं, तिसरीचं, आणि तिच्यापासून दीडशे मीटरवर साती गाड्या गप उभ्या राहिल्या. तिने वळून उत्तरेकडच्या बाजूलाही नळी दाखवली. तिकडचेही थांबले.

गाव वाजतगाजत पलीकडे गेलं. दोनशे ब्याऐंशी गाड्या जायला अकरा मिनिटं लागली. जाताना पोरं तिला हॉर्न देत होती. समाधान भोईटे बायकोला मागे बसवून गेला आणि जाता जाता ओरडला, "ताई, उगंच घाबरवलं. बघा की, कशा शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या." अण्णांनी तिच्याकडे बघितलंच नाही. अकरा मिनिटं नळी रोखून तिचे खांदे भरून आले होते, आणि गावात एकाही माणसाला कळलं नव्हतं की काय टळलं.

शेवटची गाडी पार झाल्यावर फोन वाजला. थांबलेल्या गाडीने चाचणी-दिव्याचा क्रमांक कधीच वर कळवला होता. तक्रारीला एक दिवस लागत होता. नोटीस यायला बारा मिनिटं लागली.

त्या रात्री अण्णांनी तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाले, "थांबल्या की न्हाई? हळद लागून थांबल्या."

"मी थांबवल्या," ती म्हणाली, आणि नोटीस त्यांच्यापुढे धरली. अण्णांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"तू नसतीस तर किती मीटरवर दिसलो असतो म्हणालीस?"

"पन्नास."

"भरलेली गाडी, नव्वदला," ते पुटपुटले. त्यांचा उजवा पाय फरशीवर आपोआप दाबला गेला आणि तसाच राहिला. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

सुनावणी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी होती. अण्णा न सांगता तिच्याबरोबर निघाले आणि जगदाळ्यांच्या खोलीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. जगदाळ्यांनी दार लोटून घेतलं. माणूस म्हणून त्यांना वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"मॅडम, मी मार्ग काढलाय. 'पिशवीत चाचणी-दिव्याचं बटण चुकून दाबलं गेलं' एवढं लिहून द्या. किरकोळ दंड होईल. परवाना वाचेल, प्रकरण इथंच मिटेल."

"आणि माझ्या तक्रारीचं?"

त्यांनी पडद्यावरची ओळ वाचून दाखवली. "'दसऱ्याच्या दिवशी सदर ठिकाणी एकही अपघात न झाल्याने हळदीपासून धोका सिद्ध होत नाही. तक्रार निकाली.' हे माझं नाही, आपोआप येतं."

ऋतुजाला आतून असा संताप आला, की क्षणभर समोरचं काही दिसेना. अपघात झाला असता तर तक्रार खरी ठरली असती. तिने तो होऊ दिला नाही, म्हणून ती खोटी.

"आणि मी कबूल केलं की मुद्दाम थांबवल्या, तर?" तिने विचारलं.

"तर मग माझ्या हातात राहत नाही. कलम एकशे एकोणीसचा कबुलीजबाब जसाच्या तसा वर जातो. तांडे चालवणाऱ्या समितीपर्यंत. सुरक्षेचा गुन्हा ना तो. अठ्ठेचाळीस तासांत वाचून त्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं." बोलता बोलता जगदाळे थांबले. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं. "मॅडम, परवाना जाईल. कदाचित कोठडीसुद्धा. नीट विचार करा."

केंद्र बंद पडणार, ओटा जाणार, भिंतीवरचा तक्ताही उतरणार. नऊ महिने खपून तिने ते उभं केलं होतं. तिने अण्णांकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर धीर सुटला असता.

"लिहा," ती म्हणाली. "मुद्दाम थांबवल्या. कारण सविस्तर सांगते. पांढऱ्या दिव्यातला निळा भाग हळद शोषून घेते. पुसली तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेला डाग राहतो. याची मोजमापं जोडली आहेत. चाळीस अक्षरांची मर्यादा नाही ना इथं?"

"नाही," जगदाळे म्हणाले आणि लिहायला लागले.

मध्येच अण्णा खाकरले. "साहेब, माझंपण एक घाला. पहिल्या गाडीच्या दिव्याला हळद मी लावली. पोरगी नको म्हणत होती. एकशे चार ग मी मोडलं. आणि पस्तीस वर्षं एसटी चालवलीय. भरलेली गाडी नव्वदला पन्नास मीटरात थांबत न्हाई. माणूस असू दे न्हाईतर मशीन. हे खाली सहीनिशी घाला."

"अण्णा, तुमच्यावरपण गुन्हा होईल."

"होऊ दे की. एकटीला कशाला धाडू."

कबुली सात पानांची झाली. दोघांनी सह्या केल्या, जगदाळ्यांनी पाठवलं, आणि तिथल्या तिथे पोच आली: 'आपला गुन्हा वरिष्ठ समितीकडे तातडीने वर्ग करण्यात आला आहे.' बाहेर आल्यावर अण्णा पायरीवर थांबले. दिवाळीच्या पाडव्याला गाव पुन्हा गाड्या पुजणार होतं, आणि पाडवा पंधरा दिवसांवर आला होता.

"ऋतू, तोवर वाचतील का गं ते?"

"गुन्हा आहे अण्णा," ती म्हणाली. "गुन्हा लगेच वाचतात."